पायाला स्टिल्ट आली, शिकवणार कोण?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी बेळगावातल्या वडगावचा. वडील मागावर बसायचे. माग बंद पडल्यावर मी पीओपीच्या कामाला लागलो आणि आता चार-पाच पोरांची टोळी घेऊन फॉल्स सीलिंगची कामं करतो. टिळकवाडीतले बंगले, हिंदवाडीतले फ्लॅट, कधी निपाणी, तर कधी चोर्ला घाट उतरून गोवा. दसरा-दिवाळी तोंडावर आली की आम्हाला आणि रंगाऱ्यांना मान वर करायलाही सवड नसते (तशी ती कायम वरच असते म्हणा). हे पत्र आमच्या धंद्यात नव्याने शिरलेल्या एका साधनाबद्दल आहे.

त्या साधनाला स्टिल्ट म्हणतात. पायाला उंच काठ्या बांधून पत्रकं वाटत फिरणारा माणूस आपण जत्रेत पाहिलेला असतो. त्यातलाच प्रकार, पण कामासाठी बनवलेला. ॲल्युमिनियमची जोडी असते. खाली रबरी तळवा, वर बूट ठेवायची पट्टी, मधे उभ्या नळ्या आणि स्प्रिंगा, बुटावरून आणि पोटरीवरून आवळायचे पट्टे. भोकातला बोल्ट सरकवून उंची कमी-जास्त करता येते. अठरा इंचांपासून चाळीस इंचांपर्यंतच्या जोड्या सर्रास मिळतात आणि काही हजार रुपयांत घरपोच येतात.

पोरांना ती का आवडते हे बाहेरच्याला पटकन कळणार नाही, म्हणून सांगतो. सहा बाय चारचे जिप्सम बोर्ड छताखालच्या पत्र्याच्या सांगाड्याला (सेक्शनला) स्क्रूने मारून झाले की खरं कष्टाचं काम सुरू होतं, ते सांधे भरण्याचं. सांध्यावर कंपाऊंडचा, म्हणजे सांधे भरायच्या लगद्याचा हात, त्यावर टेप, टेपवर पुन्हा हात, वाळलं की आणखी एक हात, मग घासणं. घोडीवर, म्हणजे फळी टाकायच्या उंच स्टँडवर, उभं राहून हात पोचेल तेवढा चार-पाच फुटांचा सांधा होतो. मग उतरायचं, घोडी सरकवायची, फळी सरकवायची, घमेलं उचलायचं, पुन्हा चढायचं. संध्याकाळी पोरांना विचारा, हात दुखतात म्हणणार नाहीत, गुडघे दुखतात म्हणतील. स्टिल्टवरचा माणूस मात्र सांध्याबरोबर चालत जातो. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एका दमात कंपाऊंड ओढायचा पट्टा फिरतो. काम लवकर होतं आणि सांधाही सलग येतो, लाटा दिसत नाहीत. त्यामुळे मी स्टिल्टच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. दोन स्टुलांवर फळी टाकून आमच्या धंद्यात जे चालतं ते काही फार सुरक्षित आहे असंही नाही.

पण घोडीवर चढायला आम्ही कुणाच्या तरी हाताखाली शिकलो. फळी कशी बांधायची, टोकावर उभं राहायचं नाही, हे मेस्त्रीने शिव्या घालून शिकवलं. स्टिल्टच्या बाबतीत मेस्त्रीच नवखा आहे. आणि गेले काही महिने मी एकच गोष्ट शोधतोय: ही वस्तू वापरायला रीतसर शिकवणारं बेळगाव जिल्ह्यात कुणी आहे का?

सुरुवात भाच्याने केली. त्याने ऑनलाइन जोडी मागवली आणि अंगणातच खोकं फोडलं. पट्टे आवळायला लागला तेव्हा मी म्हटलं, "खाली ठेव ते. आधी शिकायचं कुठं ते बघू." तो म्हणाला, "मामा, ह्यात काय शिकायचंय? मोबाइलवर बघितलंय की." मोबाइलवर काय बघितलं ते मीही पाहिलं. परदेशातली पोरं स्टिल्टवर गाण्याच्या तालावर नाचतात, पळतात, एकमेकांना ढकलतात. लाखो लोक ते बघतात. नीट शिकवणारेही व्हिडिओ आहेत, नाही असं नाही, पण ते इंग्रजीत आहेत आणि त्यात नाच नसल्यामुळे पोरं ते पुढे ढकलतात.

खोक्यात घडी घातलेला कागद होता, इंग्रजीत, बारीक अक्षरात. इकडच्या एका हार्डवेअरच्या दुकानदाराने हल्ली अशा जोड्या ठेवायला सुरुवात केली आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, "मेस्त्री, चप्पल विकणारा कधी चालायला शिकवतोय काय?" दुकानात चार गिऱ्हाइकं हसली. मलाही हसू आलं, पण उत्तर मिळालं नाही.

मग एका प्रशिक्षण संस्थेत गेलो. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन सगळं शिकवतात. तिथले सर भले माणूस, चहा पाजला, खोक्यातला कागदही वाचून पाहिला. म्हणाले, आमच्या अभ्यासक्रमात असेल तेवढंच आम्हाला शिकवता येतं. एका सरकारी कार्यालयात बांधकाम कामगारांच्या नोंदणीच्या, म्हणजे लेबर कार्डाच्या रांगेत उभा राहून खिडकीपर्यंत पोचलो. "एन बेक्री?" म्हणून विचारलं. कन्नड मला व्यवस्थित येतं, साईटवर निम्मी पोरं गोकाक-बैलहोंगलकडची असतात. मी सांगितलं, स्टिल्टसाठी आलोय. ते म्हणाले, बिल्डिंगखालच्या स्टिल्ट पार्किंगचं काम महापालिकेत असतं, इथे नाही. पुढचं समजावून सांगेपर्यंत मागचा माणूस पुढे झाला होता.

त्यातल्या त्यात उपयोगी उत्तर मिळालं ते उद्यमबागेत, आमच्या कारखान्यांच्या वसाहतीत. तिथल्या एका फाउंड्रीत सेफ्टीचं काम बघणारे गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. हेल्मेट, हार्नेस, उंचीवरच्या कामाचा परवाना हे सगळं त्यांचं रोजचं. त्यांनी जोडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "परांचीवर चढणाऱ्याला मी सांगतो, हार्नेसचा हूक वर अडकव. इथे माणसाच्या पायालाच उंची बांधलीय. तो खोलीभर फिरणार. हूक कशाला अडकवायचा?" त्यांच्या या प्रश्नाने माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे साधन शिडीच्या जातीचं नाही आणि परांचीच्याही नाही. याचं शिक्षण वेगळंच लागणार.

शेवटी शिकवणारा भेटला तो योगायोगाने. खानापूर तालुक्यातला एक जण, आखातात बरीच वर्षं ड्रायवॉलचं, म्हणजे जिप्सम बोर्डाच्या भिंतींचं काम करून परत आलेला. तिकडे काही साईटवर स्टिल्टला बंदीच होती, काही ठिकाणी परवानगी होती, पण आधी शिकवून, तपासून, कागदावर सही घेऊन. मी त्याला गळ घातली. एका रविवारी माझ्या गोडाऊनमध्ये तो आला आणि माझ्या टोळीला त्याने शिकवलं. त्याने जे शिकवलं त्यातलं थोडं इथे लिहितो, कारण ज्यांच्या घरी सध्या काम चालू आहे त्यांनाही ते कळलेलं बरं.

पहिला तास त्याने कुणाला स्टिल्ट घालूच दिली नाही. पोरांच्या हातात झाडू दिला. बोर्डाचे तुकडे, स्क्रू, वायरचे तुकडे, कंपाऊंडच्या रिकाम्या पिशव्या, फरशीवर अंथरलेला प्लास्टिकचा कागद, सगळं बाहेर. कटरची वायर भिंतीकडेने नेली. फरशीवर कुठेही ओल नको म्हणाला. आपल्याकडे पावसाळ्यात हा मोठाच प्रश्न आहे. लाल चिखल रबरी तळव्याला चिकटून आत आला की नव्या टाइल्सवर तो साबणासारखा घसरतो. शहापूर, वडगावातल्या जुन्या घरांत तर शहाबादी फरशी एक वर एक खाली असते आणि प्रत्येक दाराला उंबरा. अशा घरात स्टिल्ट घालायचीच नाही, तिथे घोडी बरी, असं त्याने बजावलं. भाचा कुरकुरला, कारण त्याचं पुढचं काम अशाच एका घरात होतं.

मग जोडी तपासायची. प्रत्येक नट हाताने फिरवून बघायचा, कारण चालताना सतत हादरे बसतात आणि नट सैल होतात. स्प्रिंग तुटलीय का, तळव्याचं रबर झिजलंय का, पट्ट्याला चीर आहे का, भोकांत पीओपी वाळून बसलंय का. दोन्ही पायांची उंची एकाच भोकावर आहे का, हेही मोजून बघायचं. डावी-उजवी वेगळी असते. बकला बाहेरच्या बाजूला यायला हव्यात. आतल्या बाजूला आल्या तर एका पायाची बकल दुसऱ्यात अडकते आणि माणूस तिथेच आडवा होतो. बहुतेक जोड्यांची वजनाची मर्यादा शंभर किलोच्या आसपास असते आणि त्यात कमरेची हत्यारंही धरायची.

घालायची बसून. भिंतीला पाठ टेकवून, कमरेएवढ्या मजबूत ओट्यावर किंवा टेबलावर. काढतानाही तसंच, आधी बसायचं, मगच पहिल्या पट्ट्याला हात लावायचा. उंची सगळ्यात कमी ठेवायची आणि दोन्ही बाजूंना एकेक माणूस. भाचा उठला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. अंगणात "ह्यात काय शिकायचंय" म्हणणारा गडी, दोघांच्या खांद्यांत बोटं रुतवून उभा. पाय लटपटत होते, घाम कपाळावरून भुवईत उतरत होता. "एका जागी उभा राहू नकोस," खानापूरवाला सांगत होता, "जागच्या जागी पाय हलवत राहा. पाऊल छोटं, पण नेहमीपेक्षा उंच उचल." कारण तळवा जमिनीच्या किती वर आहे ते आपल्या पायाला कळत नाही. नेहमीच्या सवयीने पाय ओढला की ठेच लागलीच म्हणून समजा.

त्याने एक गोष्ट नीट समजावली ती मला फार महत्त्वाची वाटते. जमिनीवर आपण ठेचकाळलो तर दुसरा पाय आपोआप पुढे पडतो आणि आपण सावरतो. स्टिल्टवर तो पाय वेळेत पडत नाही, पडलाच तर भलतीकडे पडतो. शिडीवरून घसरणारा माणूस निदान उडी तरी टाकतो. स्टिल्ट पायाला बांधलेली असते, ती टाकून उडी मारता येत नाही. माणूस सरळच्या सरळ कोसळतो आणि हात पुढे येतात. म्हणून मनगट मोडतं, कोपर मोडतो, मागे पडला तर डोकं आपटतं. त्यामुळे न पडण्याचीच शिस्त लावून घ्यायची. उलटं चालायचं नाही. वळायचं तर छोट्या पावलांनी गोल फिरून. जिना चढायचा-उतरायचा नाही. हातातला कंपाऊंडचा पट्टा खाली पडला तर वाकायचं नाही, खालच्या पोराने तो हातात द्यायचा. कंपाऊंडचं घमेलं जमिनीवर न ठेवता उंच मचाणावर ठेवायचं. बोर्ड उचलून लावणं स्टिल्टवरून नाही आणि स्लॅबमध्ये हॅमर ड्रिल मारणं तर मुळीच नाही. वर जोर लावला की तोच जोर आपल्याला मागे ढकलतो. चहा आला, फोन आला, तर बसून स्टिल्ट काढायची.

आणि वीज. हे आमच्याकडे कुणाच्या डोक्यातच येत नाही. माणूस साडेपाच फुटांचा, स्टिल्ट दोन फुटांची, म्हणजे डोकं साडेसात फुटांवर गेलं. दरवाजाची चौकट सात फुटांची. पहिल्याच दिवशी दोघांनी कपाळ आपटून घेतलं. जुन्या घरात पंखा त्याच उंचीला असतो आणि उकडतं म्हणून कुणीतरी तो चालू करतं. सीलिंगमधून लाइटसाठी वायरा लोंबकळत असतात, टोकं उघडी, आणि आमच्या पायाला ॲल्युमिनियम. खोलीचा मेन बंद केल्याशिवाय कुणी स्टिल्ट घालायची नाही, एवढा एक नियम तरी घरमालकांनी स्वतः लक्ष ठेवून पाळायला लावावा.

माझी मुलगी इंजिनिअरिंगला आहे. तिने अमेरिकेतले बांधकाम सुरक्षेचे नियम शोधून मला मराठीत वाचून दाखवले. तिथल्या 'ओशा' या खात्याच्या नियमांत (२९ सीएफआर १९२६.४५२) स्टिल्टसाठी चार ओळींचं वेगळं कलमच आहे. स्टिल्ट घालून परांचीवर काम करायचं असेल तर ती परांची खोलीभर पसरलेली, मोठ्या क्षेत्रफळाची असली पाहिजे. तिला कठडा असेल तर स्टिल्ट जेवढी उंच तेवढीच कठड्याची उंची वाढवली पाहिजे. पृष्ठभाग सपाट हवा, खड्डे, भोकं, कचरा, अडथळे नकोत. स्टिल्ट सुस्थितीत हवी आणि तिच्यात काही बदल करायचा तर बनवणाऱ्याची संमती हवी.

कठड्याचं ते कलम मी पुन्हा वाचायला लावलं. आपल्या बाल्कनीचा कठडा साधारण तीन फुटांचा. दोन फुटांची स्टिल्ट घातली की तो पावलापासून एकच फूट वर राहतो, म्हणजे नडगीला लागतो. तोल गेला तर तो कठडा माणसाला अडवत नाही, उलट अडखळवून पलीकडे टाकतो. बाल्कनीच्या छताला पीओपीची पट्टी मारायला पोरं बिनदिक्कत स्टिल्ट घालून जातात. डुप्लेक्स बंगल्यात जिन्याची मोकळी जागा असते, कठडा अजून बसलेला नसतो, तिथेही जातात. खालच्या चौकटीच्या मोठ्या खिडक्यांचंही तेच. हा हिशेब मला आधी कुणी सांगितला नव्हता, आणि मी ज्या ज्या मेस्त्रीला तो सांगितला तो क्षणभर गप्पच झाला.

बदलाचं कलमही आपल्याकडे लागू पडतं. माझ्या माहितीतल्या एकाने उंची कमी पडते म्हणून जीआय पाइपचा तुकडा वेल्डिंग करून जोडून घेतला आणि मोठ्या अभिमानाने दाखवायला आणला. आपल्याकडे वेल्डर भरपूर आणि हुशारी त्याहून जास्त. 'नायॉश' ही अमेरिकेतलीच सरकारी संशोधन संस्था. तिथे कामगारांना निरनिराळ्या उंचीच्या स्टिल्टवर उभं करून तोलाची मोजणी झाली आहे, आणि उंची वाढते तसा तोल ढळत जातो असंच त्यात दिसलं. पाइप जोडणाऱ्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "ते गोरे, त्यांना सवय नाय." आता काय बोलायचं?

एका साईटवर, माझ्या नव्हे, एक पोरगा वायरीत पाय अडकून पडला. येळ्ळूरकडचा. उजवं मनगट मोडलं. कंत्राटदाराने प्लास्टरचे पैसे दिले आणि हात जोडले. ज्याची भाकरीच उजव्या हातावर, त्याने घरी बसायचं म्हणजे काय ते कामगाराच्या घरात विचारा. त्याच्याकडे लेबर कार्डही नव्हतं. त्या दिवशी काम रात्री हॅलोजन लावून चालू होतं, कारण वास्तुशांतीचा मुहूर्त जवळ आला होता आणि केळीचे खांब आधीच सांगून झाले होते.

आता कायद्याबद्दल. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्राने कायदा केला. तो लागू व्हायला आस्थापनात दहा कामगार लागायचे आणि सेफ्टी ऑफिसर नेमायला पाचशे. २०२० च्या नव्या कामगार सुरक्षेच्या संहितेने बांधकामासाठी सेफ्टी ऑफिसरचा आकडा अडीचशेवर आणला. चांगलंच केलं. पण आमच्या टोळीत चौघे असतात, फार तर सहा. अडीचशे काय आणि पाचशे काय, आमच्यासारख्या टोळ्या दोन्हीच्या खालूनच निघून जातात. गावातली निम्म्याहून जास्त घरं आमच्यासारख्या टोळ्याच सजवतात. तेव्हा आमची सुरक्षा बघायला अधिकारी येईल, ही आशा सोडून दिलेली बरी. शिकवायला तरी कुणी यावं.

पैसा नाही असं कुणी म्हणू नये. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो आणि तो कामगार कल्याण मंडळाकडे जातो. अठरा ते साठ वयाच्या, वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केलेल्या कुणालाही तिथे नोंदणी करता येते. मुलांच्या शिक्षणाला, लग्नाला, आजारपणाला मंडळ मदत करतं, ती हवीच. त्याच पैशातून जिल्ह्यात दर तीन महिन्यांनी दोन दिवसांचा वर्ग घ्यावा, अशी माझी मागणी आहे. शिडी, घोडी, परांची आणि स्टिल्ट या चारही गोष्टींचा. नुसत्या भाषणाचा नको. गोडाऊन किंवा मंगल कार्यालयाचा हॉल घ्यावा, स्टिल्टच्या चार जोड्या ठेवाव्यात आणि प्रत्येकाला घालून चालायला लावावं. चालता आलं नाही तर प्रमाणपत्र देऊ नये. आणि हे मराठीत आणि कन्नडमध्येही व्हावं. उत्तर प्रदेश-बिहारची पोरं आता इकडे पीओपीला खूप आहेत, त्यांच्यासाठी हिंदीतही. साईटवर धोका दिसला तर ओरडायला अर्धा सेकंद मिळतो. "थांब" म्हटलेलं ज्याला कळत नाही त्याला "निल्लु" म्हणून ओरडावं लागतं, हे आमच्याकडचं पोरसुद्धा जाणतं. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचं व्हायचं ते होईल. तोवर सुरक्षेच्या वर्गाचा फलक कुठल्या भाषेत लावायचा यावर वाद घालत बसू नये, दोन्ही भाषांत लावावा.

वर्ग एकट्या बेळगाव शहरात घेऊन भागणार नाही. निपाणीच्या पोराला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. तो कामाला कोल्हापूरला जातो, कार्ड मात्र कर्नाटकाचं, त्यामुळे तिकडच्या योजनेत बसत नाही आणि इकडच्या वर्गाला पोचत नाही. खानापूरच्या जंगलपट्ट्यातले पुष्कळ जण गोव्यात राबतात, त्यांचीही तीच गत. म्हणून निपाणी आणि खानापूरला वेगळे वर्ग हवेत. दिवस कुठला ठेवायचा तेही सांगतो. अमावास्येला. आपल्याकडे बरेच गवंडी आणि मेस्त्री अमावास्येला काम बंद ठेवतात, रोजगार बुडण्याचा प्रश्न येत नाही. बुधवारी सकाळी अकराला वर्ग ठेवला तर खुर्च्याच ऐकत बसतील.

जिप्सम बोर्ड आणि पुट्टीच्या कंपन्यांनाही एक विनंती. तुम्ही आम्हाला हॉटेलात बोलावता, नव्या मालाची माहिती देता, जेवण घालता, बॅग देता. त्या बॅगा घरात ठेवायला जागा उरलेली नाही. पुढच्या वेळी बॅगेऐवजी अर्धा तास स्टिल्टचं प्रात्यक्षिक ठेवा. दुकानदारांनी जोडीबरोबर मराठी-कन्नडमधलं एक पान द्यावं, त्याच्या छपाईला फार खर्च येत नाही. आर्किटेक्ट मंडळींनी कामाच्या अटींत एक ओळ घालावी की बाल्कनी, जिना आणि उघड्या खिडकीजवळ स्टिल्ट चालणार नाही. कंत्राटदाराचं कुणी ऐकत नाही, आर्किटेक्टच्या कागदाला मालक मान देतो. आणि मालकांनी मुहूर्त ठरवण्यापूर्वी भटजींबरोबर मेस्त्रीलाही एकदा विचारावं.

खानापूरचा तो माणूस पुन्हा शिकवायला तयार आहे, मी बोलून घेतलंय. मानधन मागत नाही, येण्या-जाण्याचा खर्च आणि दुपारचं जेवण एवढंच. जागा माझी. दोन जोड्या माझ्याकडे आहेत, आणखी कुणी दिल्या तर बरं. येत्या अमावास्येला, दिवाळीची सोडून त्याच्या पुढच्या, सकाळी नऊ वाजता बसू. वीसपेक्षा जास्त माणसं एका दिवसात शिकवता येणार नाहीत, म्हणून ज्यांना यायचं आहे त्यांनी आपल्या कार्यालयात नाव आणि गाव कळवलं तर तेवढी यादी माझ्याकडे पाठवावी, ही विनंती. येताना चप्पल घालून येऊ नये. टाचेचे, लेस बांधायचे बूट लागतील.

आपला,
एक पीओपी कंत्राटदार, वडगाव, बेळगाव
(बिल्डर मंडळींकडून कामं मिळवायची असतात, म्हणून नाव छापू नये. पत्ता आपल्याकडे दिलेला आहे.)